अंबिकेचा संदर्भ

धारमध्ये राहणाऱ्या माणसाला भोजशाळेबद्दल मत असावंच लागतं. नसेल तर शेजारी देतात. माझं माहेर देवासचं, सासर धारचं. लग्नाला तीस वर्षं झाली तरी या बाबतीत मी अजून ‘देवासवाली’च आहे, म्हणजे माझं मत कच्चं धरलं जातं. त्यामुळे पुतण्या लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, “काकू, विकिपीडियावर लोक आपल्या अंबिकेची सरस्वती करतायत. तुम्ही लिहिता ना, मग तुम्हीच दुरुस्त करा,” तेव्हा खरं सांगायचं तर मी सुखावले.

‘आपली अंबिका’ म्हणजे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली संगमरवरी मूर्ती. १८७५ साली धारच्या जुन्या राजवाड्याच्या पडझडीत ती सापडली आणि १९०९ पासून ती तिकडे आहे. गावात तिला भोजराजाची वाग्देवी म्हणतात. ‘वाग्देवी परत आणा’ ही मागणी मी नवी नवरी होते तेव्हापासून ऐकतेय.

मूर्तीच्या बैठकीवर झिजलेला लेख आहे. संवत १०९१, म्हणजे इसवी सन १०३४. १९२४ साली ओ. सी. गांगुली आणि के. एन. दीक्षित यांनी ‘रूपम्’ या कलाविषयक नियतकालिकात ही मूर्ती सरस्वती म्हणून प्रसिद्ध केली. लेखात भोजाचं नाव होतं, वाग्देवीचंही होतं, मग शंका कोण घेणार? पुढे जवळजवळ साठ वर्षांनी किरीट मांकोडी यांनी अहमदाबादच्या ‘संबोधि’त प्रश्न विचारला, की ही वाग्देवी की यक्षी अंबिका? हरिवल्लभ भायाणींनी लेख नव्याने वाचला, तेव्हा अर्थ असा निघाला: वररुचीने आधी वाग्देवी घडवली, नंतर तीन जिनमूर्ती, आणि मग ही अंबेची मूर्ती. मूर्तीच्या पायाशी सिंह आहे, तोही अंबिकेचाच. २०१२ मध्ये मायकेल विलिस यांनी हा सगळा प्रवास पुन्हा सविस्तर मांडला.

आता ज्ञानकोशाचं पाहू. विकिपीडियाचे नियम वरवर साधे आहेत. दृष्टिकोन तटस्थ हवा, प्रत्येक विधान प्रकाशित, विश्वसनीय संदर्भावर पडताळून पाहता यायला हवं, आणि स्वतःचं संशोधन तिथे आणायचं नाही. तटस्थ म्हणजे सगळ्यांना सारखी जागा नव्हे. विश्वसनीय साहित्यात ज्या मताला जेवढं वजन, तेवढीच पानावर जागा. ऐकायला न्याय्य वाटतं. पण अंबिकेला हा नियम लावून पाहा. १९२५ साली विकिपीडिया असता तर त्याने तिला सरस्वती म्हटलं असतं, आणि नियमाप्रमाणे ते बरोबर ठरलं असतं. ‘रूपम्’ काही ऐरंगैरं नियतकालिक नव्हतं. संदर्भ छापील होता, विद्वानांचा होता, फक्त वाचन चुकलेलं होतं. आजही दर वसंत पंचमीला वर्तमानपत्रांत ‘वाग्देवी’ छापून येते. शंभर बातम्या म्हणजे शंभर संदर्भ झाले का? त्या सगळ्यांच्या मुळाशी १९२४ चा तो एकच लेख आहे. एका विहिरीतून शंभर घागरी भरल्या म्हणून विहिरी शंभर होत नाहीत. आणि ‘संबोधि’चा तो अंक धारमध्ये किती जणांनी पाहिला असेल?

मी देवासची आहे म्हणून मला हे लवकर कळलं असावं. आमच्या गावात दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. पवारांच्या दोन भावांच्या दोन गाद्या. गाव एक, पण या बाजूच्या आजीची गोष्ट वेगळी आणि त्या बाजूच्या आजीची वेगळी. त्यातल्या थोरल्या पातीच्या दरबारात १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर महाराजांचा सेक्रेटरी म्हणून आला आणि १९५३ मध्ये त्याचं ‘द हिल ऑफ देवी’ निघालं. झालं! इंग्रजी वाचणाऱ्या जगाचं देवास म्हणजे थोरली पाती. धाकट्या पातीला कुणी फॉर्स्टर मिळाला नाही. वजन संदर्भांप्रमाणे द्यायचं ठरलं की ज्याच्या दारी लेखक आला त्याचं पारडं जड. यात कुणाचा दुष्टपणा नाही, पण याला तटस्थ म्हणताना माझी जीभ अडखळते.

असो. मी खातं उघडलं, म्युझियमचा फोटो मोठा करून पाहिला आणि लिहून टाकलं, की मूर्तीवरचा लेख ती अंबिका असल्याचं स्पष्ट सांगतो. दोन तासांत वाक्य गेलं. कारण दिलं होतं: संदर्भ नाही, स्वतःचं संशोधन. दोन दिवस मी धुमसत होते. दगडावर लिहिलंय, त्याहून मोठा संदर्भ कोणता? तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना स्वतःलाच विचारलं, बाई गं, तुला अकराव्या शतकातली नागरी वाचता येते का? येत नाही. मी वाचलं होतं भायाणींना आणि आव आणला होता दगड वाचल्याचा. काढणाऱ्याचं बरोबर होतं. ‘भायाणींच्या वाचनानुसार’ एवढे दोन शब्द मी गिळले होते, आणि तेच तर महत्त्वाचे होते.

आमच्यातले काहीजण म्हणतात, विकिपीडियाची तटस्थता म्हणजे आपला अनेकांतवादच. मला हे पटत नाही. ‘स्यात्’ म्हणजे सगळंच थोडं थोडं खरं असं नव्हे. तू कुठे उभा राहून बोलतोस ते आधी सांग, असा तो आग्रह आहे. ‘काही लोक मानतात की ही सरस्वती आहे, काही मानतात की अंबिका’ हे वाक्य दिसायला तटस्थ आहे, पण त्यात कोणी, कधी आणि कशावरून हे तिन्ही गायब. दोन्हीकडचे खूश आणि वाचक होता तिथेच.

पुतण्या मात्र एवढ्यावर थांबला नाही. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने पुरातत्त्व खात्याने भोजशाळेचं सर्वेक्षण केलं आणि त्याच वर्षी जैनांच्या बाजूनेही न्यायालयात अर्ज गेला. तो म्हणाला, “आता लिहा, भोजशाळा मुळात जैनांची.” मी म्हटलं, “कशावरून?” म्हणाला, “मूर्ती आपली ना?” मी म्हटलं, “मूर्ती सापडली राजवाड्याच्या पडझडीत, भोजशाळेत नाही.” तो गप्प बसला. मग, “काकू, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?” त्यानंतर महावीर जयंतीच्या जेवणात जाऊबाईंनी मला पुरणपोळी वाढली, पण बोलल्या नाहीत. ज्ञानकोशातल्या भांडणाची ही खरी किंमत, आणि ती चर्चापानावर दिसत नाही.

एक मात्र कबूल करते. तिथे प्रत्येक फेरफाराचा इतिहास राहतो. कोणता शब्द कधी घातला, कधी काढला, सगळं उघडं. ‘भोजशाळा’ हे नाव या इमारतीला धार संस्थानचे शिक्षणाधिकारी का. कृ. लेले यांनी १९०३ च्या सुमारास दिलं, असं विलिस म्हणतात. लेले ज्यांच्या पदरी होते ते पवार स्वतःला परमारांचे वंशज मानत. ही गोष्ट मला तीस वर्षांत गावातल्या एकाही भाषणात ऐकायला मिळाली नाही. २०२५ मध्ये संभाजी महाराजांच्या पानावरून महाराष्ट्र सायबरने मजकूर काढा म्हणून विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली, तेव्हाही मला वाटलं, संदर्भ वाईट असेल तर चर्चापानावर जाऊन तसं दाखवा की! पोलिसांचं पत्र हा संदर्भ कसा होईल?

भोजशाळेत पूजेला मंगळवार आणि नमाजाला शुक्रवार असे वार २००३ मध्ये वाटून दिले गेले. पानावरचं पहिलं वाक्य असं वारांत वाटता येत नाही, म्हणून तिथे भांडण चालूच राहतं.

परवा पुतण्या पुन्हा आला. ‘संबोधि’चा तो लेख त्याने कुठून तरी मिळवला होता. आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात बसून वाचला. तो एका ओळीपाशी थांबला. “काकू, म्हणजे वररुचीने वाग्देवी आधी केली होती. खरीच होती ती.” होती. आणि ती मूर्ती अजून कुणाला सापडलेली नाही.