छेदात काय आहे?

द्रावणाच्या संहतीचा पाठ उघडला की विद्यार्थ्यापुढे टक्केवारी, मोलॅरिटी, मोलॅलिटी, मोल-अपूर्णांक, नॉर्मॅलिटी, पीपीएम अशी रांग उभी राहते. प्रत्येकीची व्याख्या, सूत्र, एक-दोन उदाहरणे. व्याख्यांत चूक नसते. पण ही सारी गुणोत्तरे आहेत, अंशात बहुधा द्राव्यच (ग्रॅममध्ये वा मोलमध्ये) असते आणि खरा फरक छेदात असतो, हे ठळकपणे क्वचितच सांगितले जाते. मग 'लिटरला एक मोल' एवढेच मुलांच्या लक्षात राहते. एक लिटर काय? द्रावण की पाणी?

हा शब्दच्छल नव्हे. 34.2 ग्रॅम, म्हणजे 0.1 मोल साखर 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि मोजपात्रात ओता. द्रावण सुमारे 121 मिलिलिटर भरेल. म्हणजे मोलॅलिटी 1, पण मोलॅरिटी सुमारे 0.82! 1 मोलर द्रावण हवे तर साखर थोड्या पाण्यात विरघळवून मग 100 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी घालावे लागते. मिठाने मात्र हा प्रयोग करू नये. 5.85 ग्रॅम मिठाने आकारमान जेमतेम 2 मिलिलिटर वाढते, आणि वर्गातल्या मोजपात्रावर ते धड दिसतही नाही.

छेद चुकल्याने काय होते, हे जलसंजीवनीच्या (ओआरएस) पुडीवरून दाखवता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रानुसार लिटरभर पाण्याच्या पुडीत 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते. त्याला 180 ने भागा. लिटरला 75 मिलिमोल येतात. मीठ व सायट्रेट मिळून सोडियमही 75 मिलिमोलच होते, कारण आतड्यात सोडियम ग्लुकोजच्या जोडीने शोषले जाते. हीच पुडी घाईत 200 मिलिलिटरच्या पेल्यात कालवली तर सोडियम 375 होते. रक्तात ते सुमारे 140 असते. जुलाबाने आधीच सुकलेल्या बाळाच्या अंगातले पाणी मग उलट आतड्याकडे ओढले जाते. पुडीतले द्राव्य तेच, बदलला फक्त छेद. (येथे पाणी की द्रावण हा भेद एखाद्या टक्क्याचा आहे, तो सोडून द्यावा.)

नॉर्मॅलिटीची गोष्ट निराळी. तिथे अंशच डळमळीत असतो. 0.1 मोलर पोटॅशियम परमँगनेट आम्ल माध्यमात 0.5 नॉर्मल, तर उदासीन माध्यमात 0.3 नॉर्मल! अभिक्रिया ठाऊक नसेल तर बाटलीवरच्या आकड्याला अर्थ नाही. शालेय पाठातून तिला रजा देऊन ती जागा साखरेच्या प्रयोगाला द्यायला हरकत नसावी.