बदलीची दोन चित्रे

२०२५ साली लखनौच्या विकास नगरात आम्ही घरबसल्या पुष्कळ चित्रपट व मालिका पाहिल्या. बदलीचे दुःख जाणणाऱ्या कृती मात्र दोनच. २०२० साली सुरू झालेल्या 'पंचायत'मधील सचिव फुलेरा गावाला कंटाळून सुटकेसाठी परीक्षेचा अभ्यास करतो. तो एकटा, म्हणून आपण निर्धास्तपणे हसतो. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ने (२०१४) ती सोय ठेवलेली नाही. पितृहीन चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. भर पावसात सोबती त्याला किल्ल्यावर टाकून जातात, तो प्रसंग आम्हांस सर्वांत खरा वाटला; नवागताचे एकाकीपण तेथे संवादावाचून कळते. छायालेखनही दिग्दर्शकाचेच, तरी पाऊस शोभेचा झालेला नाही. पुढे मुलगा रुळतो, तोच पुन्हा बदली. आईला मात्र कथा दोषी धरीत नाही. (आमच्या चिरंजीवांनी तेवढ्यात विचारले, आपली केव्हा?)