‘हीद’ : व्युत्पत्ती आणि रूपविचार

हंगेरियन भाषेतील ‘हीद’ म्हणजे पूल. या नामाची द्वितीयेत ‘हिदॉत’ व अनेकवचनात ‘हिदॉक’ अशी रूपे होतात. ‘वीझ’ (पाणी) याचे अनेकवचन मात्र ‘विझेक’ होते. स्वरसंवादाच्या नियमानुसार अग्रस्वरयुक्त ‘हीद’लाही ‘एक’ हाच प्रत्यय लागावयास हवा होता. ‘न्यील’ (बाण) या उरालिक कुळातील शब्दाचेही ‘न्यिलॉक’ होते. मूळचा पश्चस्वर पुढे ‘ई’मध्ये विलीन झाला, हे त्याचे रूढ स्पष्टीकरण. यावरून ‘हीद’ त्याच कुळातील होय, असे अनुमान करण्याचा मोह होतो. परंतु ते टिकणारे नाही. मध्ययुगीन जर्मनमधील ‘त्सिल’पासून आलेल्या ‘त्सेल’ (लक्ष्य) या शब्दालाही ‘त्सेलोक’ असा पश्चस्वरयुक्तच प्रत्यय लागतो. म्हणजे प्रत्यय हा कुळाची साक्ष देत नाही. आपल्या ‘पूल’ शब्दाकडेच पाहावे : तो मूळचा फारसी, पण ‘फूल–फुलावर’ याप्रमाणेच ‘पूल–पुलावर’ असा चालतो.

निर्णय ध्वनिसंगतीनेच व्हावयास हवा. संस्कृत ‘सेतु’, अवेस्तातील ‘हएतु’, ओसेटिक ‘खिद’ ही मालिका स्पष्ट आहे. ‘स’चा ‘ह’ होणे हे इराणी शाखेचे लक्षणच होय. तेव्हा ‘हीद’ हा अलानांच्या, म्हणजे ओसेटिकच्या पूर्वजभाषेतून आला, हेच मत ग्राह्य ठरते. मात्र या आगंतुक शब्दातही मूळचा पश्चस्वर कल्पावयाचा असल्यास त्यास स्वतंत्र पुरावा द्यावा लागेल. रूपावरून स्वर आणि स्वरावरून रूप सिद्ध करणे हा अन्योन्याश्रय दोष होय.