शेल स्क्रिप्टमधील संरचित माहिती : ‘सर्व काही मजकूर’ या गृहीतकाची चिकित्सा

बीजशब्द : युनिक्स, शेल स्क्रिप्ट, पाइप, संरचित माहिती, सीएसव्ही, जेसन, देवनागरी

प्रस्तावना

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत आकाराला आली. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये तिच्यात ‘पाइप’ची सोय झाली. एका आज्ञेतून बाहेर पडणारा मजकूर थेट दुसऱ्या आज्ञेला पुरविणारी ही नळी होय. एकच काम नीट करणाऱ्या लहान आज्ञा आणि त्यांच्यामधून वाहणारा साधा मजकूर, हे या विचाराचे सार आहे. अशा आज्ञा एका फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवल्या की शेल स्क्रिप्ट तयार होते. याद्या जुळविणे, गुणांची बेरीज करणे, ग्रंथालयाच्या नोंदी तपासणे अशी कामे तिच्या साहाय्याने थोडक्या ओळींत होतात. साधा मजकूर हा सर्व आज्ञांना समजणारा समान दुवा आहे, या तिच्यामागील गृहीतकाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

अलिखित करार

पाइपमधून वस्तुतः केवळ बाइट वाहतात. एक ओळ म्हणजे एक नोंद आणि स्वल्पविराम किंवा मोकळी जागा म्हणजे स्तंभाची सीमा, हे पाइपला ठाऊक नसते. तो आज्ञा लिहिणाऱ्यांमधील अलिखित करार असतो. हा करार जेथे पाळला जातो तेथे ही पद्धत उत्तम चालते. युनिक्समधील वापरकर्त्यांच्या नोंदींची फाइल हे त्याचे उदाहरण आहे. तिच्या प्रत्येक ओळीत अपूर्णविरामाने विभागलेले सात स्तंभ असतात आणि स्तंभाच्या आत अपूर्णविराम येऊच शकत नाही. आहो, वाइनबर्गर व कर्निहन यांनी १९७७ मध्ये रचलेली ‘ऑक’ ही भाषा अशा फाइलींवर अत्यंत प्रभावी ठरते. मात्र हे यश मजकुराच्या साधेपणाचे नसून पाळलेल्या कराराचे आहे, हा भेद अनेकदा विसरला जातो.

मूक चूक

करार मोडल्यावर काय होते, हे सीएसव्ही फाइलीवरून स्पष्ट होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात या स्वरूपाचे वर्णन आहे. त्यानुसार दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवलेल्या मजकुरात स्वल्पविरामच काय, नवी ओळदेखील येऊ शकते. समजा, एका फाइलीत क्रमांक, नाव आणि गुण असे तीन स्तंभ आहेत आणि एका नोंदीत नाव अवतरणचिन्हांत ‘जोशी, सुनीता’ असे आहे. स्वल्पविरामावर तोडणाऱ्या ऑकला या ओळीत चार स्तंभ दिसतात. त्यातील तिसरा स्तंभ ‘सुनीता’ हा होय. तिसऱ्या स्तंभाची बेरीज करताना ऑक संख्या नसलेल्या मजकुराचे मूल्य शून्य धरते. विद्यार्थिनीचे ७२ गुण बेरजेतून गळतात, वर्गाची सरासरी घसरते आणि आज्ञा मात्र यशस्वी झाल्याचा संकेत देऊन थांबते.

आज्ञा मोडून पडली असती तर चूक त्वरित लक्षात आली असती. येथे ती उत्तराच्या रूपाने पुढे जाते. पाइपमालिकेतील मधली आज्ञा अयशस्वी झाली तरी एकूण निकाल सामान्यतः शेवटच्या आज्ञेवरून ठरतो, त्यामुळे हा दोष अधिकच झाकला जातो. मधले अपयश जाणवून देणारा ‘पाइपफेल’ हा पर्याय पॉझिक्स या मानकात २०२४ मध्ये समाविष्ट झाला. तथापि, वरील उदाहरणात कोणतीच आज्ञा अयशस्वी होत नसल्यामुळे तेथे तोही निरुपयोगी ठरतो.

देवनागरीची कसोटी

मराठी मजकुराच्या बाबतीत हे गृहीतक आणखी डळमळते. ‘सोलापूर’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती सात चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ संकेतनात एकवीस बाइट. ग्नू प्रणालीतील ‘कट’ ही आज्ञा चिन्हे मोजण्याचा पर्याय दिला तरी दीर्घकाळ बाइटच मोजत राहिली. परिणामी अक्षराचा मधूनच तुकडा पडून निरर्थक चिन्हे उमटत. देवनागरी अंकांत लिहिलेले गुण ऑक संख्या म्हणून ओळखत नाही. त्यांची बेरीज शून्य येते आणि तीही विनातक्रार. इंग्रजी मजकुरात लपून राहणारे गृहीतक देवनागरीत असे उघडे पडते.

रचना जाणणारी साधने

यावरील उपाय दोन दिशांनी पुढे आले. पहिल्या दिशेत शेल तसाच ठेवून रचना जाणणारी आज्ञा जोडली जाते. स्टीफन डोलन यांचे २०१२ मधील ‘जेक्यू’ हे जेसन स्वरूपासाठीचे साधन या प्रकारचे आहे. ग्नू ऑकमध्ये सीएसव्ही वाचण्याचा स्वतंत्र पर्याय २०२३ मध्ये आला. दुसऱ्या दिशेत शेलच बदलला जातो. २००६ मधील ‘पॉवरशेल’मध्ये पाइपमधून मजकुराऐवजी गुणधर्मयुक्त वस्तू वाहतात, तर २०१९ मधील ‘नूशेल’मध्ये सारण्या वाहतात.

ही साधनेही निर्दोष नाहीत. जेक्यूच्या जुन्या आवृत्त्यांत सोळा अंकांहून मोठ्या पूर्णांकांचे शेवटचे अंक बदलत असत. ओळखक्रमांकांच्या बाबतीत हा दोष गंभीर होता. २०२३ मधील १.७ या आवृत्तीपासून, संख्येवर गणिती क्रिया न केल्यास मूळ अंक जपले जातात. वस्तू वाहणाऱ्या शेलला बाहेरच्या जुन्या आज्ञांशी बोलताना पुन्हा मजकुराकडेच वळावे लागते. शिवाय साधा मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडतो आणि माणसाला वाचता येतो, हा त्याचा गुण नाकारता येत नाही.

समारोप

एकंदरीत, दोष मजकुराचा नाही, तर रचना माहितीत न ठेवता लिहिणाऱ्याच्या स्मरणात ठेवण्याचा आहे. म्हणून संरचित माहिती आत येताना आणि बाहेर जाताना ती रचना जाणणाऱ्या साधनाकडेच सोपविली पाहिजे. जेसन तयार करताना शब्दाला शब्द जोडण्याऐवजी मूल्ये जेक्यूला स्वतंत्रपणे पुरविणे, स्तंभांची संख्या तपासल्यावाचून बेरीज न करणे आणि संशयास्पद नोंद आढळताच काम थांबविणे, हे त्याचे व्यावहारिक रूप होय. आज्ञांचा क्रम लावणे हे शेलचे खरे सामर्थ्य आहे. संगणकशास्त्राच्या वर्गात पाइपची महती शिकविताना तिची ही मर्यादाही शिकविली जाणे आवश्यक आहे, कारण तिची किंमत पाइप लिहिणाऱ्याला नव्हे, तर यादीतील एखाद्या सुनीता जोशीला मोजावी लागते.