सगळ्यांशी बोलता बोलता एकाशी

भक्तिवाङ्मयात बोलायचं काम बहुतेक वेळा भक्ताकडे असतं. तो आळवतो, भांडतो, रुसतो, शरण जातो. देव ऐकतो किंवा ऐकत नाही. अभंगांवर वाढलेल्या मराठी कानाला याचीच सवय. डोरीन व्हॅलिएन्टे यांनी १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये लिहिलेल्या ‘द चार्ज ऑफ द गॉडेस’ या छोट्याशा गद्यात मात्र सगळा प्रकार उलटा आहे. इथे भक्त चकार शब्द काढत नाही. सुरुवातीची आणि मधली जुजबी ओळख सोडली तर देवीच बोलत राहते. विक्का या आधुनिक पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवतांना मानणाऱ्या, पंथात हा मजकूर आजही भर विधीत म्हटला जातो. एखाद्या देवतेशी माणसाचं खासगी, जिवाभावाचं नातं कसं जुळतं हे समजून घ्यायचं असेल, तर पंथाची जाडजूड पुस्तकं नंतर वाचावीत. आधी ही दीड-दोन पानं वाचावीत, असं मला मनापासून वाटतं.

व्हॅलिएन्टे यांचा जन्म १९२२चा, दक्षिण लंडनमधला. १९५१ साली इंग्लंडातला १७३५चा चेटूकविरोधी कायदा रद्द झाला आणि मलायात कस्टममध्ये नोकरी करून निवृत्त झालेले जेराल्ड गार्डनर आपल्या पंथाविषयी उघडपणे बोलू लागले. व्हॅलिएन्टे त्यांच्यापर्यंत पोचल्या आणि १९५३मध्ये त्यांनी दीक्षा घेतली. विधीत गार्डनर जो मजकूर वापरत, त्यातला बराचसा इंग्रज गूढवादी अ‍ॅलिस्टर क्राउली यांच्या लिखाणातून उचललेला आहे, हे त्यांनी ओळखलं आणि तसं गार्डनरना तोंडावर सांगितलं. याहून बरं जमत असेल तर तुम्हीच लिहा, असं उत्तर मिळालं. त्यांनी लिहिलं. आधी पद्यात, पण मंडळींना ते अवघड जाऊ लागलं, म्हणून पुन्हा गद्यात. आपल्यापुढे आहे ते हे दुसरं रूप.

हा मजकूर कुठे उच्चारला जातो, हे ठाऊक असल्याशिवाय त्याची चव कळत नाही. गार्डनरच्या परंपरेत विधीचं वर्तुळ नऊ फूट व्यासाचं असतं. एका खोलीत सहज मावणारं. त्यात मोजकी माणसं. पुरोहित देवीला पुरोहितेत येण्याचं आवाहन करतो. या विधीला ‘चंद्र खाली उतरवणं’ म्हणतात, आणि हे नाव थेट ग्रीसमधल्या थेसलीतल्या चेटकिणींच्या प्राचीन दंतकथांतून आलेलं आहे. मग पुरोहिता बोलू लागते आणि त्या क्षणापासून तिच्या तोंडचा ‘मी’ देवीचा असतो. आपल्याकडच्या अंगात येण्याची आठवण होईल, पण इथे शब्द आधीच लिहून ठेवलेले आहेत. म्हणजे व्हॅलिएन्टे यांच्यापुढचं काम असं होतं: कोणत्याही रात्री, कोणत्याही बाईनं, हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसांसमोर देवी म्हणून उच्चारावं आणि ते खोटं वाटू नये, असं गद्य लिहायचं. थोडा फुलोरा जास्त झाला तर ते नाटक होईल, थोडा कमी पडला तर सूचनापत्रक. हा तोल त्यांनी ज्या कानानं सांभाळला आहे, त्या कानाला मी मोठा मान देतो.

सुरुवात नावांच्या माळेनं होते. आर्टेमिस, अस्टार्टे, अथीना, अ‍ॅफ्रोडायटी, केरिडवेन, अरिआनरॉड, आयसिस आणि आणखी काही. ग्रीक, फिनिशियन, वेल्श, इजिप्शियन अशी सरमिसळ. त्यात मेलुसिनसुद्धा आहे, जी मुळात फ्रेंच लोककथेतली अप्सरा. देव एकमेकांहून वेगळे, स्वतंत्र, आपापल्या स्वभावाचे आहेत असं मानणारे पेगन आज संख्येनं बरेच आहेत आणि त्यांना ही माळ खटकते. आर्टेमिसशी नातं जोडायचं तर आर्टेमिसशीच जोडावं, ती म्हणजे आयसिसचं दुसरं नाव नव्हे, हा त्यांचा आक्षेप. तर्क म्हणून तो मला बिनतोड वाटतो. तरीही वाचताना ही नावं तत्त्वज्ञान म्हणून येत नाहीत, दारं म्हणून येतात. अमेरिकन पत्रकार मार्गो अ‍ॅडलर यांना शाळकरी वयात ग्रीक देवतांचं वेड होतं. आर्टेमिसची किंवा अथीनाची पूजा करण्यापेक्षा आपण आर्टेमिस व्हावं, अथीना व्हावं, असं त्या मुलीला वाटे. मोठेपणी इंग्लंडहून आलेल्या एका टेपवर त्यांनी हाच मजकूर ऐकला आणि लहानपणीचं ते सगळं उफाळून वर आलं. १९७९च्या ‘ड्रॉइंग डाउन द मून’ या आपल्या पुस्तकात त्यांनी हे लिहिलं आहे. माळेतल्या एखाद्या नावाशी आपली ओळख आधीपासून असते, आणि त्या एका नावानं माणूस आत शिरतो.

देवीचं पहिलं बोलणं गरजेविषयी आहे. विश्व कसं घडवलं, माझा महिमा केवढा, यातलं काही ती आरंभी सांगत नाही. काही हवं असेल तेव्हा एकत्र या, महिन्यातून एकदा, पौर्णिमा असेल तर उत्तम, आणि जागा आडबाजूची निवडा, एवढं साधं तिचं म्हणणं. नात्याची सुरुवात माणसाच्या निकडीपासून करणारी देवता मला फार जवळची वाटते.

हा भाग चार्ल्स गॉडफ्री लीलँड यांच्या १८९९च्या ‘अराडिया’ या पुस्तकावर बेतलेला आहे. तिथे डायना आपल्या मुलीला पृथ्वीवर धाडते ती जमीनदारांनी पिळलेल्या गरिबांना चेटूक शिकवण्यासाठी. त्यात सरदारांना विष घालण्याचीही शिकवण आहे. पौर्णिमेची भेट आणि मोकळेपणाची खूण म्हणून विवस्त्र होणं व्हॅलिएन्टे यांनी तिथून घेतलं, गुलामगिरीतून सुटण्याची भाषा घेतली, सूड मात्र गाळला. सूड गेल्यावर मागे उरतो तो नाच, गाणं, खाणंपिणं, प्रेम. देवीला स्तुती म्हणून हेच पुरतं.

त्याहून बोलकी तुलना अपुलेयसशी होते. दुसऱ्या शतकातल्या या आफ्रिकी रोमन लेखकाच्या ‘सोनेरी गाढव’ कादंबरीच्या अकराव्या भागात, गाढव होऊन बसलेला लुशियस पौर्णिमेच्या रात्री समुद्रकाठी देवीची करुणा भाकतो आणि आयसिस लाटांतून वर येते. तीही कोणते लोक आपल्याला कोणत्या नावानं ओळखतात हे सांगते. नावांच्या माळेचं मूळ इथे दिसतं. पण ती लुशियसला बजावते की माणूसपण परत मिळालं की तुझं उरलेलं सगळं आयुष्य माझं. कृपेची किंमत ठरलेली आहे. व्हॅलिएन्टे यांची देवी त्याच घराण्यातली असूनही बळी म्हणून काहीच मागत नाही. हा नकार क्राउलीकडून आलेला आहे, हे नमूद करायलाच हवं. त्यांच्या ‘द बुक ऑफ द लॉ’मधली तारकादेवी असंच म्हणते. फरक पुढे आहे. क्राउलींची देवी जिवंतपणी खात्री देऊ करते, आणि मरणानंतर अवर्णनीय शांती, विश्रांती, समाधीसुख. व्हॅलिएन्टे खात्रीच्या जागी ज्ञान ठेवतात, आणि मरणानंतरच्या शांतीला एक साधी गोष्ट जोडतात: आधी गेलेल्यांची पुन्हा भेट. त्यांचे पहिले पती व्यापारी जहाजावर खलाशी होते. १९४१मध्ये, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, ते समुद्रात बेपत्ता झाले. ही जोड त्या दुःखातून आली असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण क्राउलींच्या भव्य शब्दांत जी माणसाची ऊब नव्हती, ती या एका जोडीनं आली, एवढं मजकूरच सांगतो.

आता ज्या जागेसाठी मी हा मजकूर पुन्हा पुन्हा काढतो, तिथे येऊ. पूर्वार्धात देवी जमलेल्या सगळ्यांना उद्देशून बोलते. जुन्या इंग्रजीतलं अनेकवचन व्हॅलिएन्टे यांनी मुद्दाम वापरलं आहे. मध्ये निवेदकाची एक लहानशी ओळख येते. आकाशातले तारे जिच्या पायांची धूळ आहेत अशी ती आता बोलते आहे, असं सांगितलं जातं. देवी एकदम अफाट झालेली असते. आणि नेमक्या याच क्षणी ती एकवचनावर येते. हिरवी धरती, तारकांतला चंद्र, पाण्याचं गूढ, माणसाच्या काळजातली ओढ, हे सगळं मी आहे, असं सांगत तिचं वाक्य लांबत जातं आणि ‘तुझ्या’ जिवाला घातलेल्या हाकेवर येऊन थांबतं. गीतेच्या दहाव्या अध्यायाची वळणं ओळखीची असणाऱ्याला या वाक्याची चाल परकी वाटणार नाही. देवता जेवढी मोठी होत गेली, तेवढा समोरचा माणूस एकटा होत गेला. वर्तुळात आठ-दहा जण उभे असतात, पण हाक प्रत्येकाला वेगळी लागते. जवळीक यावी म्हणून देवीला लहान, गोंडस करण्याची सोपी वाट व्हॅलिएन्टे यांनी घेतली नाही.

त्यानंतर गुणांच्या चार जोड्या येतात: सौंदर्य आणि बळ, सत्ता आणि करुणा, मान आणि नम्रता, हसू आणि आदर. शेवटची जोडी मला सगळ्यांत मोलाची वाटते. जिच्यासमोर हसता येतं आणि तरी जिचा आदर कमी होत नाही, तिच्याशीच खरी सलगी होऊ शकते. पहिल्या तीन जोड्या कुठल्याही नीतिग्रंथात शोभल्या असत्या. ही चौथी जिनं लिहिली, ती विधीत प्रत्यक्ष उभी राहिलेली बाई आहे, हे लगेच कळतं.

आणि शेवट. मला शोधायला निघालास, पण आत सापडलं नाही तर बाहेर कधीच सापडणार नाही, असं ती बजावते. एवढ्यावर थांबली असती तर ते कुठल्याही अध्यात्माचं नेहमीचं वाक्य ठरलं असतं, आणि देवी म्हणजे आपल्याच मनाचा एक कोपरा, असा अर्थ लावून मोकळं होता आलं असतं. पण लगेच ती सांगते की आरंभापासून मी तुझ्या सोबत आहे आणि ओढीच्या शेवटी जे हाती लागतं तेही मीच. सोबत असायला दुसरं कुणीतरी लागतं. देवता बाहेर खरीच आहे की ती मनाची प्रतिमा, हा वाद आधुनिक पेगन मंडळींत आजही चालू आहे, आणि दोन्ही बाजूंची माणसं एकाच वर्तुळात उभी राहून हा मजकूर ऐकू शकतात, याचं श्रेय या दोन वाक्यांच्या शेजाराला आहे.

अमेरिकन पेगन लेखिका स्टारहॉक यांनी १९७९च्या ‘द स्पायरल डान्स’मध्ये याची आधुनिक इंग्रजीतली आवृत्ती दिली आणि अमेरिकेत ती दूरवर पोचली. ती सुटसुटीत आहे, ओघवती आहे. पण आजच्या इंग्रजीत अनेकवचन आणि एकवचन दोन्हींना एकच सर्वनाम असल्यामुळे, गर्दीतून एकाकडे वळण्याची ती जागा त्या आवृत्तीत बुजली आहे. माझ्या लेखी हे नुकसान मोठं आहे. म्हणून वाचकाला एक विनंती: वाचायचं ठरवलंत तर व्हॅलिएन्टे यांचं मूळ गद्य मिळवून वाचा आणि मोठ्यानं वाचा. कुणी याचा मराठी अनुवाद करायला घेतलाच, तर ‘तुम्ही’ आणि ‘तू’ जिथल्या तिथे ठेवा.