भोंडला : आमचें एक समूहगान

मराठी माणसाला एकत्र गातां येत नाहीं, अशी तक्रार आमच्या सुशिक्षित मंडळींत वारंवार ऐकूं येते. आमची गायनकला एकट्याच्या कंठाची. अनेक सूर एकमेकांत गुंफून गाण्याची विद्या आम्हांस नाहीं, असें या तक्रारीचें स्वरूप असतें. मग उदाहरण देण्यांत येतें तें युरोपाचें. एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशानें १८६९ सालीं तार्तू येथें पहिला गीतमहोत्सव भरविला. १९८८ सालीं तेथील लोक लाखोंच्या संख्येनें गात एकत्र जमले, आणि १९९१ सालीं तो देश स्वतंत्र झाला, तेव्हां त्या गाण्याचाही त्यांत वांटा होता. हें सर्व खरें आहे. परंतु तेवढ्यावरून आमच्याकडे समूहगान नाहीं असा निष्कर्ष काढणें म्हणजे स्वतःच्या अंगणाकडे पाठ करून बसणें होय. वारकऱ्यांचा हरिपाठ आणि घरोघरची आरती हीं समूहगानें नव्हेत तर काय? आज आम्हीं विचारास घेतला आहे तो या सर्वांहून साधा व उपेक्षित असा प्रकार, म्हणजे भोंडला.

कोथरूडसारख्या वस्तींत आश्विन महिन्यांत कोणीही फेरफटका मारावा. जेथें एके काळीं शेतें व आमराया होत्या, तेथें आतां सोसायट्यांच्या इमारती दाटीनें उभ्या आहेत. त्यांच्या आवारांत, मोटारी बाजूस सारून, पाटावर हत्ती काढलेला असतो आणि त्याच्या भोंवतीं बायकामुलींचा फेर चाललेला असतो. सातारा-कोल्हापुराकडे यासच हादगा म्हणतात. विदर्भ-खानदेशांत भुलाबाई बसते. हत्तीचें कारण असें कीं, सूर्य हस्त नक्षत्रांत येतो त्या सुमारास हा खेळ मांडण्याची चाल आहे. कांहीं ठिकाणीं तो सोळा दिवस चालतो. पुण्याकडे बहुधा नवरात्राचे नऊ दिवस. पहिल्या दिवशीं एक गाणें, दुसऱ्या दिवशीं दोन, अशी रोज एकेकाची भर पडते आणि शेवटीं झांकलेली खिरापत ओळखण्याची गंमत होते.

या रोजच्या भरीकडे टीकाकारानें लक्ष दिलें पाहिजे. जी पोर पहिल्या दिवशीं कांहींच न येतां फेरांत शिरते, तिला शेवटच्या दिवशीं पहिलें गाणें नवव्यांदा म्हणावें लागतें. पाठांतराची याहून सुलभ योजना कोणत्या शिक्षणशास्त्रज्ञानें काढली असेल, तर ती आमच्या पाहण्यांत नाहीं. गाण्यांची रचनाही याच धोरणाची आहे. कारल्याच्या वेलाचें गाणें घ्या. सून माहेरीं जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधीं बीं लाव. मग वेल चढूं दे, मग फूल येऊं दे, मग कारलें लागूं दे, मग भाजी कर. ओळ तीच, शब्द एकच बदलतो. चार वर्षांच्या मुलीसही तिसऱ्या कडव्यापासून साथ करतां येते. इंग्रजी लोकगीतांच्या अभ्यासकांनीं अशा वाढत्या पुनरुक्तीस समूहाच्या काव्याचें लक्षण मानलें आहे. तें येथें पुरेपूर आढळतें. शिवाय ही पुनरुक्ति केवळ सोयीची नाहीं, तोच गाण्याचा अर्थ आहे. दरेक कडव्यानिशीं माहेर एक पाऊल लांब जातें, आणि ऐकणाऱ्यास त्या सुनेचें ताटकळणें शब्दावांचून कळतें.

येथेंच आजच्या कांहीं विचारी मातांचा आक्षेप उभा राहतो. सासुरवासाचीं हीं रडगाणीं आमच्या शिकलेल्या मुलींनीं कां म्हणावींत? वेड्याच्या बायकोच्या गाण्यांत तर शेवटीं तो वेडा झोंपलेल्या बायकोस मेली समजून जाळून टाकतो, आणि हें भयंकर वर्तमान हंसत हंसत गावयाचें! आक्षेप पोकळ नाहीं. महर्षि कर्व्यांनीं १८९६ सालीं काढलेला अनाथ बालिकाश्रम पुढें ज्या हिंगण्यास नेला, तें कोथरूडला लागूनच आहे, आणि कोथरूडमधून जाणाऱ्या रस्त्यास त्यांचेंच नांव आहे. ज्या भूमीवर स्त्रीशिक्षणाचा एवढा यज्ञ झाला, तेथें बालवधूचे हुंदके पुन्हां कशासाठीं ऐकवावयाचे?

आमचें उत्तर असें आहे. शारदा कायद्यानें १९२९ सालीं मुलीच्या विवाहाचें वय चौदा ठरविलें. त्यापूर्वींच्या किती पोरी दहाव्या-अकराव्या वर्षीं सासरीं गेल्या, हें आमच्या आज्यांच्या पिढीस ठाऊक होतें. त्या पोरींना घरांत तोंड उघडण्याची सोय नव्हती. फेरांत मात्र होती. कारण तेथें एकटी कोणी बोलत नव्हती, सगळ्याच गात होत्या. सासूच्या देखत सासूचें गाऱ्हाणें सांगावें आणि सासूनेंही त्यांत सूर मिळवावा, हें समूहगानावांचून घडणें अशक्य होतें. वेड्याच्या गाण्यांतलें हंसें तें हेंच : जें रडून सांगतां येत नाहीं तें हंसून सांगणें. हा इतिहास मुलींस समजावून द्यावा. गाणें गाळून तो पुसूं नये. त्याच्या जागीं स्वच्छता, साक्षरता इत्यादि विषयांवर जीं नवीं गाणीं रचण्यांत येतात, त्यांचा हेतु उत्तम असतो. पण त्यांत गाऱ्हाणें नसतें, उपदेश असतो, आणि उपदेशाभोंवतीं फेर धरावासा कोणास वाटत नाहीं.

आमचा खरा आक्षेप निराळाच आहे. अलीकडे कित्येक ठिकाणीं फेराच्या मधोमध ध्वनिवर्धक येऊन बसला आहे. मुद्रित गाणें लागतें, बायका त्याच्या तालावर फिरतात आणि ओठ नुसते हलतात. कोठें एक सुस्वर भगिनी माईक घेऊन गाते आणि बाकीच्या मोबाइलांत शब्द शोधतात. सूर शुद्ध लागतो, हें कबूल. पण त्यापायीं काय गमावलें त्याचा हिशेब कोणी करीत नाहीं. कालपर्यंत पुढचें कडवें कोणतें, हें आजीसच विचारावें लागत होतें. तिच्या गुडघ्यांस फेर झेपत नसला तरी खुर्चीवर बसून गाणें चालविण्याचा मान तिचा होता. आजीजवळ शब्द होते, नातीजवळ पाय व दम होता. एकीचें दुसरीवांचून अडत होतें म्हणून दोघी एकत्र येत होत्या. पिढ्या एकत्र आणाव्यात अशीं व्याख्यानें आम्ही पुष्कळ ऐकतों. परंतु एकमेकांची गरज नाहींशी करून ठेविल्यावर नुसत्या जवळ बसविलेल्या पिढ्या एकत्र येत नाहींत.

म्हणून कोथरूडच्या, आणि अर्थात् इतरत्रच्याही, भगिनींस आमची एवढीच सूचना आहे. नऊ दिवसांपैकीं निदान एक दिवस यंत्र बंद ठेवावें, मोबाइल घरीं ठेवावेत आणि सोसायटींतील सर्वांत वृद्ध बाईस गाणें सांगण्याची विनंति करावी. तिचा आवाज कांपेल, एखादें कडवें चुकेल, दुसऱ्या गांवची बाई ‘आमच्याकडे असें नाहीं, तसें म्हणतात’ म्हणून हटकेल, आणि त्यावरून थोडा वादही होईल. तो होऊं द्यावा. लोकगीतांचे पाठभेद अशाच वादांतून जिवंत राहिले आहेत. मुली तोंवर खिरापतीकडे डोळे लावून उभ्या राहतील, पण दोन्ही पाठ त्यांच्या कानांवर पडतील, आणि पुढें कधीं तरी त्यांतला एक त्या आपल्या मुलींस सांगतील.