०.०५२ बरोबर आहे, पण सूत्रांचा कागद अपुरा आहे

एम.एस्सी. फिजिक्स करून मी द्रव-वायूच्या मिश्र प्रवाहावर पीएच.डी.ला लागलो, तेव्हा मुंबई हायवर काम करणाऱ्या एका मित्राने मला दोन पानांचा एक कागद दिला. वेल कंट्रोलच्या सर्टिफिकेट परीक्षेला सोबत मिळतो तसला सूत्रांचा कागद. वरून खाली वीस-पंचवीस सूत्रं, प्रत्येकाला चौकट. "एवढं आलं की विहीर सांभाळता येते," तो म्हणाला. तो गमतीत म्हणाला होता, पण हा कागद शिकवला जातो तो जवळपास त्याच समजुतीने. आजची पोस्ट त्या कागदाबद्दल आहे. पाठ्यपुस्तकावर परीक्षण लिहितात तसंच हे एका कागदाचं परीक्षण समजा.

आधी त्याचं कौतुक. पहिलंच सूत्र: दाब = ०.०५२ × मडची घनता × उभी खोली. मड म्हणजे ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवतात तो जड द्रव. घनता पीपीजीमध्ये (एका गॅलनला किती पौंड), खोली फुटात, दाब पीएसआयमध्ये. माझ्या पहिल्या सेमिनारला मॅडमनी विचारलं, "हे ०.०५२ कुठून आलं?" मी म्हटलं, "स्थिरांक आहे." हशा झाला. तो निसर्गाचा स्थिरांक नाही, एककांचा हिशेब आहे. एक चौरस इंच तळाचा, एक फूट उंचीचा स्तंभ म्हणजे १२ घन इंच. एक गॅलन म्हणजे २३१ घन इंच. १२ भागिले २३१ म्हणजे ०.०५१९५. बस. पीएच.डी.च्या मुलाखतीला जाणार असाल तर आपल्या विषयातल्या अशा प्रत्येक 'स्थिरांका'चं मूळ काढून ठेवा, हा अनुभवाचा सल्ला.

कागदाची दुसरी चांगली गोष्ट म्हणजे दाबाच्या सूत्रात उभी खोली आणि आकारमानाच्या सूत्रात नळीची प्रत्यक्ष लांबी, हा भेद तो काटेकोर पाळतो. विहीर तिरकी असेल तर दोन्हींत हजारो फुटांचा फरक पडू शकतो.

आता एक उदाहरण घेऊ, आकडे माझे. खोली १०,००० फूट, मड १० पीपीजीचं. तळाशी दाब ५,२०० पीएसआय. किक आली, म्हणजे खडकातला द्रव किंवा वायू नको असताना विहिरीत शिरला. विहीर बंद केली. ड्रिल पाइपच्या गेजवर ५२० पीएसआय, केसिंगच्या गेजवर ७२०. टाक्यांत मड २० बॅरलनी वाढलं, म्हणजे तेवढंच काहीतरी आत शिरलं. ड्रिल पाइपमध्ये फक्त स्वच्छ मड आहे, त्यामुळे ते गेज विश्वासाचं: खडकाचा दाब ५,२०० अधिक ५२०, म्हणजे ५,७२०. विहीर मारायला लागणारं मड ५२० ÷ (०.०५२ × १०,०००) ने जड हवं, म्हणजे बरोबर ११ पीपीजी. सुंदर हिशेब आहे. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढच्या चौकटीपासून. आत शिरलंय ते वायू की तेल? कागद सांगतो: किकची उंची काढा, दोन गेजमधल्या फरकाला तिने भागा, मडच्या ग्रेडियंटमधून वजा करा. साडेआठ इंचांची विहीर, आत साडेसहा इंचांचे ड्रिल कॉलर, तर मधल्या पोकळीत फुटाला (८.५² − ६.५²) ÷ १०२९.४ = ०.०२९१ बॅरल मावतं. २० बॅरलची उंची झाली ६८६ फूट. ग्रेडियंट ०.५२ − (२०० ÷ ६८६) = ०.२२८ पीएसआय प्रति फूट. हे वायूपेक्षा जास्त, तेलापेक्षा कमी. परीक्षेत लिहायचं "मिश्रण" आणि पुढे जायचं.

पण विहिरीची भिंत झिजून तिथे साडेआठऐवजी नऊ इंचांचं भोक झालं असेल तर? (असं होतं, खडक काही कारखान्यात ओतलेला नाही.) मग तेच २० बॅरल ५३१ फुटांत मावतात आणि ग्रेडियंट येतो ०.१४. सरळसरळ वायू. भोक साडेआठचंच, पण टाकीची वाढ वाचताना चूक होऊन खरा आकडा ३० बॅरलचा असेल, तर ०.३३, म्हणजे तेलाच्या बाजूला. दोन्ही गेज तीच, सूत्रही तेच. अर्ध्या इंचाने किंवा दहा बॅरलनी उत्तराची जात बदलते, आणि कागदावर या सूत्राची चौकट आणि ०.०५२ची चौकट एकाच जाडीच्या रेषेने आखलेली आहे. माझा पहिला आक्षेप हाच. दाबाची बाजू आपण खूप अचूक मोजतो, आकारमानाची बाजू अंदाजाने घेतो, आणि मग दोन्ही एका अपूर्णांकात घालून तीन दशांश स्थळं लिहितो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कागदाच्या नजरेत विहीर म्हणजे ताठ काचेची नळी आणि मड म्हणजे अजिबात न दबणारा पदार्थ. कुठे तसं लिहिलेलं नाही, पण सूत्रांत ते गृहीत आहे.

बंद विहिरीत वायूचा बुडबुडा वर सरकतो तेव्हाची चौकट बघा. सरकण्याचा वेग = तासाभरात वाढलेला दाब ÷ मडचा ग्रेडियंट. आपल्या विहिरीत तासाला १०० पीएसआय वाढले तर १०० ÷ ०.५२, म्हणजे तासाला १९२ फूट. केसिंगचं शेवटचं टोक ७,००० फुटांवर आहे समजा. त्याखालचा खडक उघडा, आणि बुडबुडा त्या टोकाशी यायच्या आत काहीतरी करायचंय. तीन हजार फुटांचं अंतर, म्हणजे हातात पंधरा तास. चहा घ्यायला वेळ आहे.

आता मडला थोडं दबू द्या. मडची दबण्याची क्षमता दर पीएसआयला साधारण दहा लाखांत तीन भाग धरू. विहिरीत १,००० बॅरल मड आहे. दाब १०० पीएसआय वाढला की मड ०.३ बॅरल आकसतं. ती जागा बुडबुडा घेतो: २० चा २०.३ बॅरल होतो. बॉइलच्या नियमाने त्याचा दाब ५,७२० वरून सुमारे ५,६३५ वर येतो, म्हणजे ८५ पीएसआयची घट. पृष्ठभागावर दिसलेले १०० पीएसआय ही घट सोसून उरलेले आहेत. मग बुडबुडा खरं तर (१०० + ८५) ÷ ०.५२, म्हणजे सुमारे ३५५ फूट वर आलाय. जवळपास दुप्पट.

अजून एक पायरी. उघड्या खडकात त्या तासात एक बॅरल मड झिरपलं. बुडबुड्याला आता १.३ बॅरल जागा मिळाली, दाब ३४९ पीएसआयने उतरला, आणि सरकलेलं अंतर झालं ८६० फूट. पंधरा तासांचे साडेतीन झाले. गेजवर मात्र तोच आकडा, तासाला १००.

हा मी काढलेला नवा शोध वगैरे नाही. शेतात मोजलेल्या दाबवाढीवरून पूर्वी वायूचा वेग तासाला हजार फुटांच्या आसपास धरायचे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या नळ्यांतून केलेल्या प्रयोगांत तो मिनिटाला शंभर फुटांच्या घरात दिसला, म्हणजे तासाला सहा हजार. फरकाचं कारण वर आकडेमोडीत आलंच: मड दबतं, केसिंग फुगतं, खडक पितो. तरी सूत्र कागदावर तसंच आहे, खाली एक ओळीची टीपही नाही. ("शेतात" म्हणजे ऑइल फील्डमध्ये. माझ्या आजोबांना मी 'फील्डवर्क' म्हटलं की ते पेरणीबद्दल विचारतात, तेव्हापासून हा शब्द तोंडात बसलाय.)

यावर मित्राचं म्हणणं असं, की रिगवर रात्री तीन वाजता कुणी संकोचनाचं गणित करत बसत नाही, सोपं सूत्र हवं. मान्य. पण मग निदान चूक सुरक्षित बाजूला तरी पडावी. इथे कागद वेळ जास्त दाखवतो आणि धोका कमी.

यात खरोखर काय पणाला लागतं ते बघायचं तर मेक्सिकोच्या आखातातल्या मकोंडो विहिरीकडे जावं लागतं. २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोट झाला, ११ जण गेले. त्याच दिवशी संध्याकाळी विहिरीची निगेटिव्ह प्रेशर टेस्ट झाली होती. ही कल्पना सोपी आहे. विहिरीतलं काही जड मड काढून समुद्राचं पाणी भरायचं, आतला दाब मुद्दाम कमी करायचा, आणि खालचं सिमेंट टिकतंय का ते बघायचं. दाब सोडून शून्यावर आणला आणि तो परत चढला नाही, तर सिमेंट ठीक.

दाब परत चढला. ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय. मग त्यांनी किल लाइन बघितली. ही ब्लोआउट प्रिव्हेंटरला जोडलेली दुसरी नळी. तिच्यावर शून्य, अर्धा तास प्रवाहही नाही. टेस्ट पास ठरली.

दोन्ही नळ्या खाली एकाच पोकळीत उघडतात. दोन्हींत समुद्राचं पाणी असेल आणि वाट मोकळी असेल, तर वरची दोन्ही गेज सारखीच दिसायला हवीत. शाळेतली यू-नळी. १,४०० आणि ० एकत्र दिसले, तर दोनपैकी एक गृहीतक खोटं आहे. शक्यता मोजूनही बघता येते. त्या दिवशी विहिरीत सुमारे साडेचारशे बॅरल १६ पीपीजीचा जड स्पेसर पंप केला होता. पाणी ८.६ धरलं तर फरक ७.४ पीपीजी, म्हणजे फुटाला ०.३८५ पीएसआय. १,४०० ÷ ०.३८५ = सुमारे ३,६०० फूट. किल लाइनच्या वाटेत एवढ्या उंचीचा स्पेसर शिरला असेल, तर वर शून्य दिसणारच. तिथे समुद्र जवळजवळ ५,००० फूट खोल, म्हणजे जागा भरपूर. नळी तुंबली असेल किंवा व्हॉल्व्ह बंद असेल तरीही शून्यच. नक्की काय झालं होतं हे हा हिशेब सांगत नाही. 'शून्य'चा अर्थ 'विहीर शांत' असा लावता येत नाही, एवढं मात्र तो सांगतो, आणि त्याला पाच मिनिटं लागतात.

रिगवर जे स्पष्टीकरण स्वीकारलं गेलं त्याचं नाव 'ब्लॅडर इफेक्ट': वरच्या रायझरमधलं जड मड बंद रबरी सीलवर दाबतंय, आणि तो दाब खाली जाऊन ड्रिल पाइपमध्ये दिसतोय. याची परीक्षा आकारमानाने होते. सील थोडं दबून अडकलेला दाब असेल, तर १,००० बॅरल पाण्यातून १,४०० पीएसआय उतरवायला चार-एक बॅरल सोडावे लागतील, आणि ते सोडले की दाब संपेल. पुन्हा पुन्हा चढणार नाही. शिवाय तो दाब दोन्ही नळ्यांत सारखा जाईल, एकीलाच निवडणार नाही. दाब सोडला की परत येतो, याचा अर्थ मागे कुणीतरी द्रव पुरवतंय. तो पुरवठादार खडक होता.

जानेवारी २०११मध्ये आलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या अहवालात नोंद आहे की ही टेस्ट कशी करायची आणि कशी वाचायची याची प्रमाणित पद्धतच तेव्हा नव्हती. पण माझ्या हातातल्या कागदावरही 'दाब एवढा उतरवला तर द्रव किती परत यायला हवा' याची चौकट नाही. आकारमान = संकोचनक्षमता × एकूण आकारमान × दाबातला फरक. तीन संख्यांचा गुणाकार.

सराव-प्रश्नांचंही तसंच. मी शंभरेक सोडवले असतील. सगळ्यांत माहिती पूर्ण दिलेली, गेज खरी, उत्तर एकच. 'दोन गेज जुळत नाहीत, कोणतं गृहीतक तपासाल?' असा एकही प्रश्न मला भेटला नाही. असा प्रश्न तपासायला अवघड, हे मी समजू शकतो. मीही प्रॅक्टिकलच्या वह्या तपासतो.

मित्राच्या त्या कागदावर मी आता प्रत्येक चौकटीशेजारी पेन्सिलीने दोन गोष्टी लिहिल्यात: यात काय ताठ धरलंय, आणि हे ताडून बघायला किती बॅरल मोजावे लागतील. ०.०५२च्या शेजारची जागा जवळपास कोरी राहिली. वायूच्या वेगाशेजारची समासाबाहेर गेली. एक जागा मुद्दाम सोडली आहे. तेलावर आधारित मडमध्ये वायू विरघळतो, त्यामुळे टाकीत २० बॅरलची वाढ दिसायला खाली नक्की किती वायू शिरलेला असतो, ते तिथे लिहायचंय. ते गणित बॉइलच्या नियमाने सुटत नाही. माझा सध्याचा चॅप्टर त्यावरच अडकलाय, सुटला की इथे मांडतो. तोपर्यंत वरचा ८६० फुटांचा हिशेब दोन बॅरल झिरपले असं धरून पुन्हा करून बघा, आणि उत्तर कमेंटमध्ये टाका.